साखळी मोजायला शिकवणाऱ्या काकांना

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

तुम्हाला हारतुरे चालत नाहीत. म्हणून आभारही तुमच्याच भाषेत मानतो, म्हणजे मिलिमीटरमध्ये. हे पत्र उघडं लिहितोय, कारण नदीकाठच्या प्रत्येक शिडाच्या क्लबात एक जागा असते, जिथे तुमच्यासारखं कोणीतरी लागतं आणि बहुतेक वेळा नसतं.

शहरातली नदी, दोन्ही काठांना इमारती आणि झाडांचा आडोसा, मोठी लाट नाही. अशा पाण्यात काय बिघडणार, असंच नव्या माणसाला वाटतं. होडी माणसांसह चालते आठवड्यातले चार-पाच तास. उरलेला सगळा वेळ ती मूरिंगवर, म्हणजे तळाला ठोकळा, त्याला साखळी आणि वर तरंगता बोया अशा कायमच्या बांधणीवर, एकटी असते, आणि मूरिंगचा जो भाग तिला धरून ठेवतो तो गाळात, नजरेआड. वर दिसतो तो फक्त बोया. तो रंगवलेला, ताठ असला की लोक निर्धास्त होतात. बोयावरचा हा भरवसा तुम्ही आमच्याकडून काढून घेतलात. पहिले आभार त्याचे.

तळाच्या ठोकळ्यापासून सुरुवात करतो. काँक्रीटचा १०० किलोचा ठोकळा पाण्यात गेला की साधारण ५८ किलोच भरतो. त्यानं बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका भार नदीच उचलून धरते. तेवढंच ओतीव लोखंड पाण्यात ८६ किलोच्या आसपास राहतं. म्हणजे काँक्रीट वापरायचं तर ठोकळा जवळजवळ दीडपट हवा. खरी पकड मात्र वजनापेक्षा गाळात रुतून बसण्यातून येते. म्हणून नुकत्याच टाकलेल्या ठोकळ्याला लगेच जड होडी बांधू द्यायची नाही हा तुमचा हट्ट. खडकाळ तळावर तर तो रुततच नाही, घसरत जातो; तिथे वजनच वाढवावं लागतं.

आता साखळी. तळाशी जाड साखळी, तिथून बोयाकडे चढणारी हलकी, आणि दोन्हींच्या मध्ये फिरकी, म्हणजे साखळीला पीळ बसू न देणारा फिरता जोड. झीज सगळीकडे सारखी होत नाही. वरच्या कड्या गंजलेल्या दिसतात पण शाबूत असतात. गाळात कायम पुरलेल्याही बऱ्यापैकी टिकतात. मरते ती मधली दोन-तीन हात साखळी, जी भरतीला उचलली जाते आणि ओहोटीला तळावर लोळते. प्रवाह दिशा बदलतो तशी होडी फिरते, साखळी वाळूतून फरफटत जाते, आणि कड्यांच्या बेचक्यात अडकलेले वाळूचे कण कानसेसारखं काम करतात.

म्हणूनच कडी कुठे मोजायची याला महत्त्व आहे. सरळ बाजूला व्हर्निअर (जाडी मोजायचं माप) लावला तर आकडा कायम छान येतो. मोजायचं ते कडीच्या टोकाच्या वळणावर, जिथे शेजारची कडी आतून टेकते. आधी हातोडीनं हलकेच ठोकून गंजाची पापुद्री पाडायची, तारेच्या ब्रशनं घासायचं, मग दोन कड्या एकमेकींपासून सैल करून आतल्या खाचेत व्हर्निअर बसवायचा. गंजासकट मोजलं तर साखळी फुकट दीड-दोन मिलिमीटरनं जाड होते. ती खाच एकदा बोटाच्या टोकानं चाचपली की पुन्हा विसरत नाही: वरून गोल दिसणारी सळई आतून घोड्याच्या खोगिरासारखी खोल गेलेली असते.

आणि आकडा वाचायचा कसा, हेही तुमचंच. १२ मिलिमीटरची कडी १० वर आली की लोक म्हणतात, दोनच तर गेले. पण ताकद जाडीवर नाही, आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर असते, आणि ते जाडीच्या वर्गाप्रमाणे घटतं. १० वर छेद ६९ टक्केच उरतो. ८ वर ४४ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. तुमचा नियम आम्ही भिंतीवर लिहून ठेवलाय: ११ आली की साखळी उलटी जोडा, म्हणजे झिजलेला भाग दुसरीकडे जाईल; १० आली की नवी आणा. जुनी साखळी ‘असू दे, कामी येईल’ म्हणून कोपऱ्यात ठेवायची नाही, कारण ती कोणीतरी कधीतरी लावतोच.

शॅकलची, म्हणजे साखळीचे तुकडे जोडणाऱ्या उघडता येणाऱ्या कडीची, पिन हा वेगळा अध्याय. पान्यानं कितीही आवळा, होडीच्या सततच्या फिरण्यानं आणि साखळीच्या थरथरीनं ती आटा-आटा सुटत जाते. म्हणून पिनेच्या डोळ्यातून तार ओवून शॅकलच्या अंगाभोवती दोन वेढे, पीळ देऊन टोक आत दाबायचं, नाहीतर पुढच्या वेळी तेच हातात घुसतं. तार जस्ताचा मुलामा असलेलीच. हाताशी तांब्याची तार असते आणि ती वळायला सोपी, म्हणून मोह होतो. पण पाण्यात तांबं आणि जस्त एकत्र आले की आधी जस्त खाल्लं जातं, मग लोखंड. फिरकी कुठे बसवायची हेही तुम्ही ठरवून दिलंत: ओहोटीलाही तळापासून सुटी राहील इतक्या उंचीवर. गाळात लोळणारी फिरकी अडकते, आणि साखळीला पीळ बसत जाऊन ती आखूड होते.

बोयापासून होडीपर्यंतच्या दोरावरून तर क्लबात वादच होता. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त, रंगीत आणि तरंगणारा, म्हणून लोकप्रिय. तरंगतो म्हणूनच तो शेजाऱ्याच्या इंजिनाच्या पंख्यात जातो, आणि उन्हानं कुजतो. चिमटीत चोळला की भुकटी हाताला लागते. नायलॉन बुडतो आणि ताणला जातो, त्यामुळे वाऱ्याचा झटका साखळीपर्यंत पूर्ण पोचत नाही. फक्त नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, जिथे तो घासतो तिथे होजपाइपचा तुकडा हवा, आणि तो सुतळीनं शिवून बसवलेला. नुसता ओवला तर महिन्याभरात घसरून भलतीकडेच जातो.

दोन होड्यांत अंतर किती, याचं तुम्ही काढून दिलेलं गणित अजून पुष्कळांना उलटं वाटतं. साखळी आणि दोर मिळून १५ मीटर, भरतीला पाणी ५ मीटर, तर होडीची नाळ ठोकळ्यापासून फार तर १४ मीटर जाते. ओहोटीला पाणी २ मीटर उरलं की तीच जवळजवळ १५ मीटर जाते. वर्तुळ ओहोटीला मोठं होतं, आणि नदी नेमकी तेव्हाच अरुंद असते. त्यात होडीची लांबी मिळवा. तरीही कागदावरची वर्तुळं फसवतात. वारा प्रवाहाच्या उलट असला की उथळ बुडाची होडी वाऱ्याचं ऐकते, खोल कीलची (बुडाखाली खोल पातं असलेली) प्रवाहाचं, आणि दोन शेजारणी तोंडं फिरवून एकमेकींवर आपटतात. म्हणून एका रांगेत एकाच जातीच्या होड्या. अगदी चिंचोळ्या भागात पुढून-मागून दोन्हीकडे बांधणं, हाच उपाय.

बाकीचं थोडक्यात, कारण ते सगळ्यांना पाठ आहे. होडी काठावर असताना बूच उघडं, पाण्यात नेताना बंद, आणि बूच दोरीनं होडीलाच बांधलेलं. सेफ्टी बोटीच्या इंजिनाची पाण्याची पिचकारी थांबली की इंजिन आधी बंद, मग वर उचलून पाणी खेचायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी आहे का पाहायचं. कोरडं चालवलं तर पंपाचं रबरी चाक थोड्याच वेळात जातं. ऍनोड, म्हणजे बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारा तुकडा, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा, मचूळ पाण्यात ऍल्युमिनियमचा, खाऱ्यात जस्ताचा. जस्त गोड्या पाण्यात पापुद्रा धरून झोपी जातं आणि रंग दिलेला ऍनोड कुठल्याच पाण्यात काम करत नाही. ५० न्यूटनचं (तरंगवण्याच्या जोराचं माप) जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी आहे. बेशुद्ध माणसाचं तोंड ते वर करीलच असं नाही. मोठ्या पावसानंतर गटारं नदीत उतरतात, तेव्हा दोन दिवस होड्या बंद, आणि एरवीही हातावरची जखम झाकूनच पाण्यात.

एक गोष्ट मात्र पाठ असूनही चुकते, म्हणून परत. उथळ नदीत होडी पूर्ण उलटली की डोलकाठी गाळात रुतते. सेंटरबोर्डवर, म्हणजे होडीच्या बुडाखालच्या उभ्या फळीवर, उभं राहून जोर लावायचा नाही. काठी वाकते, शीड फाटतं, होडी तशीच. आधी शिटा (शिडं ताणणारे दोर) सोडायच्या, माणसं मोजायची, मग सेफ्टी बोटीनं नाळेच्या दोरानं काठी ज्या रेषेत आत गेली त्याच रेषेत उलट, सावकाश ओढायचं. आडवं ओढलं की नवी काठी आणायची तयारी ठेवायची. सेफ्टी बोट चालवणाऱ्याचा किल कॉर्ड (ओढला गेला की इंजिन बंद करणारी दोरी) पायाला अडकवलेला हवा, आणि पाण्यातला माणूस जवळ आला की इंजिन बंद. न्यूट्रल नव्हे, बंद. हे तुम्ही इतक्यांदा ओरडून सांगितलंय की आता नवी पोरं एकमेकांवर तुमच्याच आवाजात ओरडतात.

तुमची वही आम्ही पुढे चालवतोय. प्रत्येक मूरिंगला एक पान, तारीख, तीन ठिकाणची जाडी, कोणती तार, कोणी बांधली. आकडा टिपणाऱ्यानं सही करायची, अंदाजानं लिहायचं नाही.

पुढची मोजणी अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाणाची ओहोटी सगळ्यात खाली जाईल तेव्हा. व्हर्निअर, ब्रश, तार आम्ही आणतो. तुम्ही फक्त धक्क्यावर खुर्ची टाकून बसा, आणि सातव्या मूरिंगची फिरकी जरा पाहून सांगा. आम्हाला ती अर्ध्या वळणावर अडखळतेय असं वाटतं.

आपले,
क्लबचे सगळे होडीवाले