२५ पट कोणाला पुरतात?

संपादक महोदय,

‘वार्षिक खर्चाच्या २५ पट जमले की नोकरी सोडा’ हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. त्याचे मूळ विल्यम बेंगेन या अमेरिकी वित्तसल्लागाराच्या १९९४ च्या अभ्यासात आहे. पहिल्या वर्षी पुंजीतून ४ टक्के, म्हणजे पंचविसावा भाग, काढायचे, पुढे दरवर्षी महागाईइतके वाढवायचे. अमेरिकेच्या जुन्या आकडेवारीवर अशी पुंजी किमान ३० वर्षे टिकली. साठीला थांबणाऱ्यासाठी ३० वर्षे म्हणजे नव्वदी. पंचेचाळिशीला थांबणाऱ्याची ती पंचाहत्तरीतच संपतात, नेमकी दवाखान्याची बिले वाढू लागतात तेव्हा.

नव्वदीपर्यंतचा हिशेब मांडू. खर्च वर्षारंभी काढला आणि परतावा महागाईहून १ टक्का जास्त मिळाला, तर साठीला २६ पट, पन्नाशीला ३३ आणि चाळिशीला जवळपास ४० पट लागतात. २ टक्के जास्त मिळाला तर २३, २८ आणि ३२. म्हणजे जितके लवकर थांबाल, तितका अंदाजातला एक टक्का महागात पडतो.

त्यातही सरासरी फसवी असते. १०० पैकी दरवर्षी ५ काढले, तर २ टक्क्यांच्या हिशेबाने पुंजी २५ वर्षे चालते. पण पहिल्याच दोन वर्षांत महागाई वजा जाता २० आणि १० टक्के घट झाली, तर ६४ उरतात आणि पुढे साडेचौदा वर्षांतच खडखडाट होतो. हीच पडझड शेवटी आली असती तर एवढे बिघडले नसते. म्हणून सुरुवातीच्या तीन-चार वर्षांचा खर्च शेअरबाहेर, मुदत ठेवींत असावा, आणि वाईट वर्षी महागाईची वाढ घेऊ नये.

खर्चाचा आकडा तरी कुठे बरोबर असतो? महिन्याचे बजेट गुणिले बारा केले की घरदुरुस्ती, दातांचे काम, काढलेल्या रकमेवरचा कर आणि नोकरीबरोबर जाणारा आरोग्यविमा सुटतो. राहते घर पुंजीत धरणारेही आहेत. ते विकून राहणार कुठे?

साठीपासून मिळणारे पेन्शन महागाईबरोबर वाढणारे असेल आणि निम्मा खर्च भागवत असेल, तर पन्नाशीची ३३ पट २१-२२ वर येते. रक्कम ठरावीकच राहणार असेल तर हा दिलासा धरू नये. ६ टक्के महागाईत तिची किंमत सुमारे १२ वर्षांत निम्मी होते.

– एक वित्तनियोजक