आधी नाकाचं बघ

पुणे, 9 नोव्हेंबर

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू ओळीनं नऊ वेळा शिंकलास आणि मध्येमध्ये "बोल रे, ऐकतोय" म्हणत राहिलास. शिंकांची मला सवय आहे. पण शेवटी जे बोललास ते अजून मनातून जात नाहीये. "डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, मग नाकाचं बघू. म्हणजे सगळं माझ्याच खाण्यानं झालंय." फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसलो.

जाडी आणि दमा यांचं नातं जवळचं आहे, ते खरं. पोटावरची चरबी नुसती पडून नसते. ती लेप्टिनसारखी द्रव्यं रक्तात सोडत असते, आणि त्यामुळे शरीरात एक मंद दाह सतत चालू राहतो. पण नाकाच्या अ‍ॅलर्जीचं चित्र इतकं सरळ नाही. काही पाहण्यांत वजनदार माणसांत ती जास्त दिसते, काहींत फरकच दिसत नाही, आणि मुलांच्या बाबतीत कुठे कुठे उलटंच दिसलंय. धूळकिड्यांसारख्या निरुपद्रवी गोष्टीला शरीर शत्रू समजतं, त्याच्याशी लढायला आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार करतं, मग पेशींतून हिस्टामिन नावाचं द्रव्य सुटतं आणि नाक वाहू लागतं. यासाठी जाड असावं लागत नाही. माझी धाकटी बहीण जेमतेम पंचेचाळीस किलोची, आणि दिवाळीची साफसफाई निघाली की दोन दिवस तिचे डोळे लाल.

उलट नाकाकडून वजनाकडे जाणारी वाट मी स्वतः चाललोय. तू पाच वर्षं रात्री तोंड उघडं ठेवून झोपतोस, वहिनी वैतागून बाहेरच्या खोलीत जातात. चोंदलेल्या नाकानं झोप तुटते. झोप अपुरी झाली की भूक लावणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन उतरतं. मग दुपारी चारला वड्याचा वास आला की पाय आपोआप तिकडे वळतात. त्याला तू हावरटपणा म्हणतोस, मला ती थकलेल्या शरीराची मागणी वाटते. त्यात सकाळचं फिरणं शिंकांमुळे बंद.

आणि गोळ्या! झोप आणणाऱ्या जुन्या सर्दीच्या गोळ्या मेंदूपर्यंत पोचतात. तिथे हिस्टामिन भुकेला लगाम घालत असतं, तोच लगाम या गोळ्या सैल करतात. न जेवणाऱ्या पोरांना भूक लागावी म्हणून जे सायप्रोहेप्टाडीन देतात, ते याच घराण्यातलं औषध. सगळ्यांचंच वजन वाढतं असं नाही, पण डॉक्टरांना विचारण्यासारखं नक्कीच आहे.

माझं सांगतो, कारण तुझं तसं होऊ नये. दोन वर्षांपूर्वी गल्लीतल्या औषधवाल्यानं मला कागदाच्या पुडीत सुट्या पांढऱ्या, मुगाएवढ्या गोळ्या दिल्या. पुडीवर नाव नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी नाक इतकं मोकळं झालं की फोडणीचा वास आला म्हणून मला भरून आलं. पाच महिने घेत राहिलो. सात किलो वाढलो, चेहरा गोल झाला, लग्नातली अंगठी साबण लावूनही निघेना, शेवटी सोनारानं कापली. त्या स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या. तुझ्याकडे तसलं काही असेल तर एकदम बंद करू नकोस, ते धोक्याचं असतं. डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू उतरवतात.

आता तू म्हणशील, नाकातल्या फवाऱ्यातही स्टिरॉइडच. हो, पण माप बघ. नेहमीच्या फवाऱ्यात एका दाबाला साधारण 50 मायक्रोग्रॅम औषध. 5 मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे त्याच्या शंभरपट, आणि फवाऱ्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं. मी तो चुकीचा मारायचो, घोळणा फुटायचा. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात धर, नळीचं तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे कर, मधल्या पडद्याकडे नको, आणि जोरात ओढू नकोस. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, चार दिवसांत सोडून देऊ नकोस. चटकन नाक उघडणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांच्या वर नकोत, नंतर तेच नाक चोंदवतात.

गादी उन्हात टाक, चादरी-अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात धू. धूळकिडे आपल्याच अंगाच्या झडलेल्या कातडीवर जगतात, त्यांचं बस्तान गादीतच.

वजन उतरवायचं नाही असं मी म्हणत नाहीये. आपल्याकडे पुरुषाचा कंबरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या वर गेला की काळजी करावी म्हणतात, आणि आपण दोघंही पुढे गेलोय. पण रात्रभर झोप झालेला माणूसच सकाळी सहाला चालायला निघतो. म्हणून आधी नाक. आणि घोरताना तुझा श्वास मध्येच थांबतो असं वहिनी म्हणाल्या, ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना नक्की सांग, झोपेची तपासणी करून घे.

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं सांगलीला येतोय, सोमवारी तुझ्याबरोबर दवाखान्यात बसेन. तोवर घरातल्या सगळ्या गोळ्या एका डब्यात काढून ठेव, पाकिटासकट. एकेक नाव मिळून वाचू.

तुझा,
बापू