अँप्लिफायरच्या मागचा हीटर मी काढलाय

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, पत्र शेवटपर्यंत वाचा, मध्येच चष्मा काढून ठेवू नका. निघायच्या आदल्या रात्री मी तुमच्या अँप्लिफायरच्या मागच्या सॉकेटांतून हीटरचा आणि टीव्हीचा प्लग काढला. रविवारी सकाळी इलेक्ट्रिशियन येतोय आणि अँप्लिफायर दुरुस्त करणारेही सोबत येतील. दादाशी बोलूनच ठरवलंय, पण चिडायचं तर माझ्यावर चिडा.

अँप्लिफायर विकायचा नाही, जागचा हलवायचाही नाही. रेकॉर्ड प्लेअर आणि टेपडेक मागच्याच सॉकेटांवर राहतील. एक बटण दाबलं की सगळं सुरू, ही तुमची सोय तशीच राहील. ती सॉकेटं त्यासाठीच तर दिलेली असतात. रेकॉर्ड प्लेअर, टेपडेक आणि जोडीला रेडिओचा ट्यूनर धरला तरी मिळून पन्नास वॅटच्या आसपासच घेतात. पण सॉकेटांच्या शेजारी बारीक अक्षरांत 'कमाल 100 वॅट' छापलंय, तेही सगळ्यांचे मिळून. आईचा हीटर एकटाच 1500 वॅटचा आहे. 230 व्होल्टवर 100 वॅट म्हणजे अर्धा अँपिअरही नाही, आणि हीटर साडेसहा ओढतो. तो सगळा करंट अँप्लिफायरच्या बारीक वायरीतून आणि पुढच्या बटणाच्या इवल्याशा कॉन्टॅक्टमधून जातो. करंट दुप्पट झाला की तिथली उष्णता चौपट होते, हे तुम्हीच मला शिकवलंत.

तुम्ही म्हणाल, एवढी वर्षं चाललंय, एमसीबी, तो जादा करंटला आपोआप पडणारा स्विच, एकदाही पडला नाही. पडणारच नाही, बाबा. 16 अँपिअरच्या एमसीबीला साडेसहा म्हणजे काहीच नाही. तो भिंतीतली वायर सांभाळतो, अँप्लिफायरच्या आत काय तापतंय ते त्याला कळत नाही. मी प्लग ओढला तेव्हा एक पिन काळी पडलेली होती, सॉकेटचं प्लास्टिक कडेने तपकिरी होऊन फुगलं होतं आणि करपल्याचा वास येत होता. शिवाय सॉकेट दोन पिनांचं, म्हणजे हीटरच्या पत्र्याला अर्थिंग नव्हतंच. आणि आई, तू तो ओल्या हातांनी सरकवतेस. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मला ताप आला की याच अँप्लिफायरसमोर माझी गादी घालायचात. डायलचा हिरवा उजेड, अगदी बारीक आवाजातलं गाणं. मी झोपले असं वाटून तुम्ही बंद करायचात आणि मी लगेच डोळे उघडायचे. मग तुम्ही एक शब्द न बोलता पुन्हा लावायचात. त्याला काही झालेलं मला बघवणार नाही, आणि तुम्हाला काही होण्याचा तर विचारही करवत नाही.

आई, गुडघ्यांचा शेक बंद होणार नाही. तुझ्या खुर्चीजवळ अर्थिंगसकट 16 अँपिअरचं वेगळं सॉकेट बसेल, स्विच हाताच्या उंचीवर असेल, वाकावं लागणार नाही. टीव्हीलाही भिंतीत त्याचं सॉकेट मिळेल. तोवर हीटर आतल्या खोलीतल्या मोठ्या सॉकेटवरच लाव. एक्स्टेंशन बोर्डवर अजिबात नाही, आणि रात्री चालू ठेवून झोपायचं नाही.

बाबा, रविवारपर्यंत अँप्लिफायर सुरू करू नका. सकाळच्या गाण्यांना छोटा रेडिओ आहे, सेल नवे घातलेत. आणि झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरांत साठलेली वीज राहते, शॉक बसू शकतो, आणि हल्ली तुमचा हात थरथरतो. रागावू नका, काळजीने लिहितेय. रविवारी मात्र खुर्ची घेऊन तिथेच बसा आणि कुठली वायर कुठे जाते ते तुम्हीच सांगा, तुमच्याइतकं ते कुणालाच माहीत नाही. जळकं सॉकेट बदललं का आणि पुढचं बटण तपासलं का, हे विचारल्याशिवाय त्यांना सोडू नका. काम झालं की लगेच फोन करा.

तुमची,
मनू