आखाती टपालाचा खर्च कोणी केला?

संपादक महोदय,

ब्रिटिशांनी जगभर टपाल पोचवलं असं कौतुकानं सांगितलं जातं, पण पैसे कोणाचे होते ते कोणी बोलतच नाही. मी जुनी तिकिटं जमवतो म्हणून हे लिहितोय. अरबस्तानच्या दक्षिण टोकाचं एडन बंदर १८३९ साली इंग्रजांच्या मुंबई सरकारच्या ताब्यात आलं आणि तिथलं पोस्ट थेट १९३७ पर्यंत हिंदुस्थानी टपाल खात्याचं होतं, म्हणजे तिकिटं आपली आणि पत्राचा दर आण्यात! मस्कतला १८६४ मध्ये पोस्ट निघालं, नंतर बसरा, बगदाद, बहारीन, एवढंच काय आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावरसुद्धा.

आता ही पत्रं न्यायची कोणी, तर ‘ब्रिटिश इंडिया’ या जहाज कंपनीच्या आगबोटींनी, आणि नुसत्या पत्रांवर इराणच्या आखातात बोट परवडणार नव्हती म्हणून हिंदुस्थान सरकार कंपनीला सबसिडी द्यायचं, म्हणजे शेवटी आपल्याच शेतसाऱ्यातून आणि मिठाच्या करातून. तिथल्या मुंबई-कच्छच्या व्यापाऱ्यांची सोय झाली हे खरंच, ते नाकारत नाही. पण मोठी गरज होती ती साहेबाच्या रेसिडेंटला (तिथं नेमलेल्या सरकारी प्रतिनिधीला) आणि लंडनला. फुकटची मिजास म्हणतात ती हीच.

माझ्याकडे पंचम जॉर्जचं एक तिकीट आहे, वर ‘इंडिया पोस्टेज’ आणि त्याच्यावरच काळ्या शाईत ‘बहारीन’ ठोकलंय, १९३३ पासून अशी निघाली. मुंबई जीपीओत असल्या तिकिटांचं एखादं कायमचं दालन का करत नाहीत? आणि तिकिटांशेजारी खर्चाचे आकडेही लावा.

– एक तिकीटवेडा, गिरगाव