‘थांबा, बघू’चा खर्च कोणाच्या खात्यावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वर्षअखेरीच्या वाहनविक्रीचे विक्रमी आकडे आपल्या अंकात वाचले. आकड्यांबद्दल वाद नाही. पण ते वाचून भोसरी-चाकणमध्ये सगळे आलबेल आहे असा कोणाचा समज होऊ नये, म्हणून हे पत्र. पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत माझे छोटे मशीनशॉप आहे. फोर्जिंग, म्हणजे तापवून हातोड्याखाली घडवलेला पोलादाचा भाग, आमच्याकडे येते, आम्ही टर्निंग, मिलिंग, ड्रिलिंग करून, म्हणजे कापून-भोके पाडून, मापात आणून ते पुढच्या कंपनीला देतो, ती त्याची जुळणी करून मोठ्या कंपनीला देते आणि मोठी कंपनी निर्यात करते. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकापासून मोजत आलात तर आमचा नंबर चौथा. गाडीवर आमचे नाव कुठेच नसते.

मला एवढेच सांगायचे आहे की आयातशुल्क जास्त असले तरी धंदा कसाबसा वाट काढतो, पण ते उद्या किती असेल हेच कळत नसेल तर धंदा जागच्या जागी थिजतो. आणि या थिजण्याचा खर्च घसरत घसरत शेवटी अशा माणसाच्या डोक्यावर येतो, ज्याची गणती कोणत्याच आकडेवारीत होत नाही.

आमच्याकडे दर महिन्याला वरच्या कंपनीकडून शेड्यूल, म्हणजे किती माल हवा त्याचे वेळापत्रक, येते. एक्सेलची साधी शीट असते. चालू महिन्याचा आकडा पक्का, पुढच्या दोन महिन्यांचे अंदाजे. त्या अंदाजे आकड्यांवरच आम्ही टूल मागवतो, माणसे धरतो, बँकेकडे सीसीची (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादा वाढवून मागतो. २०२५ च्या मे महिन्यात ते दोन रकाने कोरे आले. फोन केला तर पलीकडून उत्तर आले, “वरूनच काही कळत नाहीये. तुम्ही चालू ठेवा, फक्त जास्त करू नका.” आता व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनचा हप्ता काही असा ‘फक्त जास्त नको’ म्हणून अर्धा भरता येत नाही.

वरच्यांना तरी काय कळणार होते म्हणा! अमेरिकेने ३ एप्रिल २०२५ पासून आयात गाड्यांवर आणि ३ मेपासून गाड्यांच्या सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लावले. पोलाद आणि ॲल्युमिनियमवर मार्चमध्ये २५ टक्के होते, ते जूनमध्ये ५० झाले. भारताच्या इतर मालावर एप्रिलमध्ये आधी १० टक्के, ७ ऑगस्टपासून २५, आणि रशियाचे तेल घेतो म्हणून २७ ऑगस्टपासून आणखी २५. त्या दिवशी गणेश चतुर्थी होती. पुणे जिल्ह्यातले कारखाने बंद, घरोघरी आरत्या, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र एकच विचारणा: आपला पार्ट कुठल्या यादीत बसतो? कारण मोटारी आणि छोट्या ट्रकच्या भागांना २५ टक्केच राहिले, तर ट्रॅक्टर आणि बुलडोझरसारख्या यंत्रांच्या भागांवर ५० पडले. एकाच शेडमध्ये, शेजारशेजारच्या मशीनवर, एकाच दर्जाच्या पोलादातून निघणाऱ्या दोन भागांचे नशीब वेगळे. पुढे १ नोव्हेंबरपासून अवजड ट्रक आणि त्यांच्या भागांसाठी निराळा २५ टक्क्यांचा नियम आला. न्हावाशेवाहून निघालेला माल अमेरिकेत उतरायला महिना-दीड महिना जातो. चढताना जो दर होता तोच उतरताना असेल, असे छातीठोकपणे कोण सांगणार?

त्यात अवजड ट्रकची अमेरिकेतली मागणीच आटलेली. तिकडच्या वाहतूकदारांना भाडी मिळत नव्हती, २०२७ च्या प्रदूषण नियमांचे पुढे काय होणार हे ठरत नव्हते, म्हणून त्यांनी नवे ट्रक घेणे लांबवले. त्यांनी हात आखडला की मुंढव्यापासून चाकणपर्यंत फोर्जिंगचे हातोडे मंदावतात. आपल्या देशाची सुट्या भागांची निर्यात २०२४-२५ मध्ये २३ अब्ज डॉलरच्या आसपास होती आणि तिचा चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग एकट्या अमेरिकेत जातो. एवढे मोठे गिऱ्हाईक ‘थांबा’ म्हणते तेव्हा नेमके काय होते, ते आमच्या शेडमध्ये येऊन बघावे. तयार माल गंजरोधक तेलात बुडवून, पिशव्यांत बांधून, पॅलेटवर रचलेला. वरून निरोप, “पाठवू नका, गोडाऊन भरले आहे.” पावसाळी हवेत महिना-दोन महिन्यांत पिशवीच्या तोंडाशी तांबूस ठिपके दिसू लागतात. मग सगळे उघडा, बफिंग करा, पुन्हा तपासा, पुन्हा बांधा, आणि हे सगळे फुकट. हा माल दुसऱ्या कोणाला विकताही येत नाही, कारण तो एकाच गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगप्रमाणे केलेला असतो. दुसऱ्यांसाठी ते फक्त भंगार, भंगाराच्या भावाचे.

याच काळात वरून दर कमी करण्याची मागणी आली. अमेरिकन खरेदीदाराने शुल्कातला वाटा निर्यातदाराकडे मागितला, त्याने आपल्या पुरवठादाराकडे, त्याने आमच्याकडे. आमच्या खाली कोण? तर ठेकेदाराचा ऑपरेटर.

खरे तर या पत्राचा विषय तोच आहे. लातूर, बीड, धाराशिव, नांदेडहून आयटीआय करून आलेली पोरे, आता बिहार-ओडिशाचीही. एका खोलीत पाच-सहा जण, मेसचा डबा, आणि पगारापेक्षा ओव्हरटाइमवर चालणारे घर. शेड्यूल कमी झाले की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग तिसरी पाळी बंद होते, मग ठेकेदार ‘ब्रेक’ देतो. ब्रेक म्हणजे नोकरीवरून काढणे नव्हे बरे का! काही दिवस येऊ नको, बोलावतो, एवढेच. त्यामुळे कपात झाली अशी नोंद कुठेच होत नाही, सरकारची परवानगी लागत नाही, नुकसानभरपाई नाही, बातमीही नाही. मोठ्या कंपनीच्या अहवालात ‘एकाही कायम कामगाराला कमी केले नाही’ असे अभिमानाने छापून येते आणि ते खरेही असते. मीही या साखळीतलाच एक आहे, ठेकेदाराला फोन करणारा. हे लिहिताना संकोच वाटतो, पण शेड्यूल कोरे असताना पगार कुठून द्यायचा, याचे उत्तर माझ्याकडेही नाही.

आणि यात नुकसान फक्त त्या पोराचे होत नाही. मशीनवर प्रोग्रॅम लावून, फिक्श्चर बसवून, पहिला पीस मापात काढणारा सेटर तयार व्हायला दोन-अडीच वर्षे लागतात. ब्रेकवर गेलेला असा मुलगा गावाकडे जातो, तिथे डिलिव्हरीचे काम धरतो किंवा गुजरातला निघून जातो. ऑर्डर परत येते तेव्हा तो येत नाही. २०२५ मध्ये हे देशातल्या मालाच्या बाबतीतही घडले. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असे जाहीर झाले. चांगलीच गोष्ट होती, पण नवे दर लागू झाले २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी. छोट्या गाड्यांवर २८ टक्के अधिक उपकर होता, तो १८ टक्के होणार म्हटल्यावर ऐन गणपतीत गाडी कोण घेईल? शोरूम थंड, वितरकांची आवारे भरलेली, त्यांनी आधीच भरलेल्या उपकराच्या वजावटीचे पैसे अडकलेले. आम्हाला सांगण्यात आले, “माल थांबवा.” नवरात्रापासून मागणी अशी उसळली की तेच लोक रात्री अकराला फोन करून माणसे वाढवा म्हणू लागले. माणसे कुठली? ऑगस्टमध्ये घरी पाठवलेली!

चीनने एप्रिल २०२५ मध्ये दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा इलेक्ट्रिक वाहनांच्या विद्युत मोटरच अडल्या, कारण त्यांत ही चुंबके लागतात. ऑगस्ट हा आपल्यासाठी शून्य उत्पादनाचा महिना ठरू शकतो, असे बजाज ऑटोच्या राजीव बजाज यांना चेतक या विजेवरच्या स्कूटरबद्दल जाहीरपणे म्हणावे लागले होते. आणि १ जानेवारी २०२६ पासून मेक्सिकोने, ज्यांच्याशी व्यापार करार नाही अशा देशांच्या गाड्यांवरचे शुल्क २० वरून ५० टक्क्यांवर नेले आहे. त्या देशांत आपण आहोत, आणि चाकणला तयार झालेल्या गाड्या मेक्सिकोला जातात.

मेक्सिको म्हटले की मला तळेगाव आठवते. जनरल मोटर्सचा तो कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ मध्ये कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले, पण तळेगाव निर्यातीवर चालू राहिले आणि त्यातल्या बऱ्याचशा गाड्या मेक्सिकोला जात. जानेवारी २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने कारखाना घ्यायचे ठरवले. एप्रिलमध्ये केंद्राने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची केली. १५ जून २०२० रोजी राज्य सरकारने ग्रेट वॉलशी सामंजस्य करार केला आणि त्याच रात्री गलवानमध्ये आपले जवान धारातीर्थी पडले. आठवडाभरात करार ‘जैसे थे’ ठेवण्यात आला. डिसेंबरमध्ये शेवटची गाडी निघाली. राज्याने कारखाना बंद करायला परवानगी नाकारली, प्रकरण कोर्टात गेले, हजाराहून जास्त कामगार ना धड कामावर ना धड मोकळे असे लोंबकळत राहिले. ग्रेट वॉलचा सौदा जून २०२२ अखेर रीतसर मोडला. २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला, उत्पादन २०२५ मध्ये सुरू झाले. आम्हाला नव्या कंपनीत सामावून घ्या, म्हणून जुन्या कामगारांनी उपोषणेही केली.

देशाच्या सुरक्षेपुढे कारखाना मोठा नाही, हे सांगायला कोणाची गरज नाही. चिनी कंपनीला नाही म्हणायचे होते तर खुशाल म्हणावे. पण दोन वर्षे ना हो, ना नाही. २०२० च्या जुलैतच स्पष्ट नकार मिळाला असता तर दुसरा गिऱ्हाईक तेव्हाच शोधता आला असता. चाळिशी गाठलेल्या वेल्डरला, पेंटरला दुसरीकडे नोकरी बघायची की वाट पाहायची, हे तरी ठरवता आले असते.

सरकार काहीच करत नाही असे मी म्हणणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने २५,०६० कोटींचे निर्यात प्रोत्साहन मिशन मंजूर केले, निर्यातदारांच्या कर्जासाठी हमी योजना आणली, रिझर्व्ह बँकेने कर्जफेडीत सवलत दिली. मी बँकेत गेलो. पहिला प्रश्न आला, “शिपिंग बिल कोणाच्या नावावर आहे?” निर्यातीचा तो कागद अर्थातच माझ्या नावावर नाही. माझ्याकडे आहे जॉबवर्कचे, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर काम करून दिल्याचे, चलन. मालाचा प्रत्येक तुकडा अमेरिकेत गेला असला तरी त्या काउंटरवर मी निर्यातदार नव्हतो. आणि त्याच महिन्यात, २१ नोव्हेंबरला, नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कपातीसाठी किंवा कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी आता तीनशे आणि त्याहून जास्त कामगार असतील तरच लागते, आधी ही मर्यादा शंभर होती. यावर उद्योजक म्हणून मी आनंद मानावा असे आमच्या संघटनेतले काही मित्र सांगतात. मला त्यात आनंद वाटत नाही. अनिश्चितता वाढत असताना सगळ्यात खालच्या पायरीचा कठडा काढण्याची ही वेळ नव्हती.

माझे मागणे फार नाही. निर्यात साखळीतल्या जॉबवर्क करणाऱ्या कारखान्यांनाही वरच्या कंपनीच्या दाखल्यावर सवलती मिळाव्यात. पक्के शेड्यूल दिल्यावर तो माल उचलणे किंवा त्याचे पैसे देणे बंधनकारक असावे. पैसे थकले तर लघुउद्योगांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, हे मला ठाऊक आहे, पण आपल्याच गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करून उद्याचे शेड्यूल कोण घालवेल? आणि ठेकेदारी कामगारांना दिलेल्या प्रत्येक ब्रेकची नोंद कामगार आयुक्तालयाकडे दर महिन्याला व्हावी. भविष्यनिर्वाह निधीच्या चलनावरून ती काढणे अवघड नाही. मग विक्रीच्या विक्रमी आकड्यांशेजारी आपल्याला तोही आकडा छापता येईल.

पत्र छापल्यास माझे नाव देऊ नये, ही विनंती. कारण वर आले आहेच. फेब्रुवारीचे शेड्यूल अजून यायचे आहे.

आपला,
एक लघुउद्योजक, भोसरी