घारी वगळून

मुलुंड, मुंबई
ऑक्टोबरअखेर

प्रिय सुध्या,

पत्र मिळालं. "रिटायर होऊन गच्चीवर घारी मोजत बसतोस म्हणे, पगार किती?" असं खवचटपणे विचारलंयस. पगार शून्य. आणि घारी तर मी मोजतच नाही! मोजतो ते थंडीच्या तोंडावर उत्तरेकडून दक्षिणेला निघालेले शिकारी पक्षी. सगळी मेख तिथेच आहे.

आमच्या गच्चीवरून पूर्वेला ठाण्याची खाडी दिसते, पश्चिमेला नॅशनल पार्कचे डोंगर. पाऊस परतला की इथे ऊन असं चढतं की नऊ-साडेनऊलाच डोंगरउतार तापतात आणि त्यावरची हवा वर उठू लागते. मोठे शिकारी पक्षी त्या हवेत शिरतात, पंख न हलवता घिरट्या घेत उंची गाठतात आणि मग लांबवर घसरत पुढचा तापलेला उतार पकडतात. ताकद खर्च न करता शेकडो मैल कापायची ही युक्ती. पण हीच हवा आपल्या गावठी घारींनाही लागते. मासळीबाजार आणि कचऱ्याचे डोंगर असलेल्या या शहरात घारींना काय तोटा? त्यांच्या त्या गरगरत्या गर्दीतून उत्तरेकडून आलेला एखादाच पाहुणा वेगळा काढायचा, हे माझं काम.

त्यासाठी समोरच्या टॉवरची पाण्याची टाकी आणि डोंगरावरचा मनोरा यांच्यामध्ये मी मनातल्या मनात रेघ ओढली आहे. जो ती ओलांडून दक्षिणेला गेला आणि परतला नाही, तोच वहीत. घार दिवसभर त्या रेघेच्या अल्याड-पल्याड करते, म्हणून ती बाद. ओळख रंगावर ठेवायची नाही, उन्हासमोर सगळेच काळे दिसतात. आकार बघायचा. घारीची शेपटी मध्ये किंचित खाचेची, ब्राह्मणी घारीची गोल. पंख उथळ व्ही सारखे वर धरून खाडीकडे डुलत निघाला तर तो दलदली भोवत्या. पोट पांढरं आणि पंख मनगटात मोडल्यासारखे, तर मासे धरणारा कैकर. हे दोघे खाडीवर हिवाळाभर राहतातही, त्यामुळे नोव्हेंबर सरला की त्यांच्या बाबतीत प्रवासी कोण आणि मुक्कामी कोण हे सांगायच्या फंदात मी पडत नाही. यात मोठी फजिती घारीच करतात. उत्तरेकडच्या काही घारी थंडीत आपल्याकडे उतरतात. पंखाखालचा पांढुरका पट्टा जरा ठळक, बाकी सगळी घारच. लांबून त्यांना वेगळं काढणं म्हणजे दादर स्टेशनात आपला कोकणी आणि परका कोकणी ओळखण्यासारखं. मी त्यांच्यासमोर प्रश्नचिन्ह टाकतो आणि पुढे जातो.

पण खरी वाट बघतोय ती अमूर ससाण्याची. जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी, सैबेरिया-उत्तर चीनकडून निघून दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातो. नागालँडमध्ये दोयांग जलाशयापाशी हे हजारोंनी जाळ्यात धरले जात होते. 2012 मध्ये त्याचा बोभाटा झाला आणि पुढच्याच वर्षी तिथल्या गावकऱ्यांनी शिकार थांबवली. त्याच 2013 मध्ये काहींच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवली, तेव्हा त्यांची वाट डोळ्यांना दिसली: भारत ओलांडून थेट अरबी समुद्रावर, न थांबता. पाण्यावर तापलेल्या हवेचा आधार मिळत नाही, म्हणून गरुड समुद्र टाळतात. हा मात्र पंख मारत जातो. त्याच सुमारास चतुरही समुद्र पार करतात आणि वाटेत ससाण्यांची शिदोरी तेच असावेत असा अभ्यासकांचा कयास आहे. नोव्हेंबरात लोणावळ्याकडे ते दिसतात. आमच्या गच्चीवरून अजून दर्शन नाही.

तू म्हणशील, मग लोणावळ्यालाच जा ना. जाईनही. पण मोजणी एकाच जागेवरून, वर्षानुवर्षं केली तरच तिला किंमत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एका डोंगरावर लोक जाणाऱ्या ससाण्या-गरुडांना गोळ्या घालत. रोझाली एज या बाईंनी 1934 मध्ये तो डोंगरच भाड्याने घेतला आणि तिथे मोजदाद सुरू झाली. पुढे पांढऱ्या डोक्याच्या गरुडांमध्ये कोवळी पोरं कमी दिसू लागली हे त्या वह्यांतूनच कळलं, आणि डीडीटी या कीटकनाशकावरचा संशय बळावला. जॉर्जिया देशात बातुमीला काळा समुद्र आणि डोंगर यांच्या चिंचोळ्या पट्टीतून एका शरदात दहा लाखांवर शिकारी पक्षी जातात! आमच्याकडे कित्येक सकाळी वहीत फक्त वाऱ्याची दिशा आणि "काही नाही" एवढंच असतं. तेही नीट लिहितो. हिला ते वेडेपणाचं वाटतं, सोसायटीच्या सेक्रेटरींना संशयास्पद. दुर्बीण दुसऱ्यांच्या खिडक्यांकडे वळवणार नाही, असं मी त्यांना तोंडी कबूल केलंय.

दिवाळीनंतर ये. सांगलीहून रात्रीची गाडी पकडलीस तर सकाळी थेट गच्चीवर. माझी मान दहा मिनिटांत आखडते, म्हणून जोडीदार हवाच आहे: एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं. अक्षर तुझं चांगलं, तेव्हा वही तुझ्याकडे. दुर्बीण जादाची आहे, टोपी मात्र तुझी तू आण. आणि वहिनींच्या हातची भडंग विसरलास तर खाली वॉचमनपाशीच अडवीन.

तुझा,
अन्या