डीव्हीडी रायटर घेताना ‘सगळं चालतं’ ऐकून पैसे देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मोबाइल, टीव्ही, लॅपटॉपबद्दल सारखं काही ना काही येत असतं पण डीव्हीडी रायटर, म्हणजे डिस्कवर लिहिणारा ड्राइव्ह, हा विषय संपला असं सगळ्यांनीच धरून टाकलंय. मी लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करतो, सोबत कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, आणि माझ्याकडे अजून रायटर मागायला गिऱ्हाईक येतं. कुणाला सीसीटीव्हीचं फुटेज वकिलाला द्यायचंय, कुणाला गावी आईला जुन्या प्लेअरवर बघता येईल अशी बारशाची डीव्हीडी हवीय, कुणाला हॉस्पिटलने दिलेली एमआरआयची सीडीच उघडायचीय आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. मग यूएसबीवाला रायटर घेतला जातो, विकणारा म्हणतो सगळं चालतं, आणि आठ दिवसांत तोच माणूस ‘ड्राइव्ह खराब निघाला’ म्हणून माझ्या काउंटरवर उभा. बहुतेक वेळा ड्राइव्ह ठणठणीत असतो हो, घोळ डिस्कचा नाहीतर लिहिण्याच्या पद्धतीचा असतो.

आधी ते प्लस-मायनस, म्हणजे कोऱ्या डीव्हीडीचे दोन प्रकार, आणि त्यांत आर म्हणजे एकदाच लिहायची, आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा लिहायची. पायोनियरने १९९७ ला मायनस आर आणली, ती डीव्हीडी फोरम या कंपन्यांच्या संघटनेची. पुढे सोनी, फिलिप्स, एचपी वगैरे मंडळींनी वेगळी चूल मांडली आणि २००१-०२ मध्ये प्लस आरडब्ल्यू आणि प्लस आर बाजारात आल्या. कोरी डिस्क म्हणतो आपण पण ती खरं तर कोरी नसतेच, तिच्यावर गोल गोल जाणारी बारीक खाच आधीच पाडलेली असते आणि आपण कुठे पोचलोय हे लेसरला त्या खाचेवरूनच कळतं. मायनसवाल्यांनी पत्ता खाचांच्या मधल्या जागेत बारीक खड्डे पाडून दिला, प्लसवाल्यांनी खाचेच्याच नागमोडी वळणात भरला. म्हणून सुरुवातीचा प्लसचा रायटर मायनसवर लिहायचा नाही आणि मायनसचा प्लसवर. भांडण कंपन्यांचं, भुर्दंड गिऱ्हाइकाला. २००२ लाच सोनीने दोन्ही लिहिणारा ड्राइव्ह काढला आणि हळूहळू सगळेच तसे काढायला लागले, त्यामुळे आज नवीन रायटर घेताना प्लस की मायनस यावर डोकं खाजवायची गरज नाही. खोक्यावर सुपर मल्टी असलं की प्लस, मायनस आणि रॅम (हाही डीव्हीडीचाच एक प्रकार) तिन्ही आलं, रॅमची डिस्क तशीही आपल्याकडे कुणी बघितलेली नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी मात्र जपून. जुन्या लॅपटॉपमध्ये कॉम्बो ड्राइव्ह असायचा, तो डीव्हीडी नुसती वाचतो, लिहितो फक्त सीडी. तोंडावर डीव्हीडी छापलेलं असतं आणि घेणारा खूश. ट्रेवर आरडब्ल्यू कुठल्या शब्दाच्या खाली लिहिलंय ते नीट बघा, डीव्हीडीच्या खाली की सीडीच्या.

आता डिस्क. घरातल्या जुन्या प्लेअरवर चालवायची असेल तर माझ्या अनुभवात मायनस आर जास्त प्लेअर ओळखतात. प्लस आर वापरायचीच असेल तर काही रायटरमध्ये बुकटाइप बदलायची सोय असते, म्हणजे डिस्क प्लेअरला सांगते की मी कंपनीत छापलेली डीव्हीडी आहे, आणि प्लेअर बिचारा विश्वास ठेवतो. आरडब्ल्यूचं परावर्तन कमी, जुने प्लेअर तिला हात लावत नाहीत, आणि ती पुन्हा पुन्हा पुसून लिहिण्यासाठी आहे, मुलीच्या लग्नाचा एकुलता एक व्हिडिओ तिच्यावर ठेवायचा नसतो. खोक्यावर ४.७ जीबी असतं आणि विंडोज ४.३७ दाखवतं म्हणून लोक भांडतात, पण तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, चोरी कुणी केलेली नाही. ८.५ ची डबल लेयर महाग पडते आणि प्लेअर तिच्यावर अडतात, मी लग्नाला सरळ दोन साध्या डिस्क देतो. ब्लू-रे डिस्क घेऊन येणारेही भेटतात, ती डीव्हीडी रायटरमध्ये काही केल्या लिहिली जाणार नाही, तिचा लेसरच वेगळा.

पण सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो सांगू का, कोरी डिस्क घातल्यावर विंडोज जी पाटी दाखवतं तिथे. दोन पर्याय असतात, एक पेनड्राइव्हसारखी वापरायची आणि दुसरा सीडी-डीव्हीडी प्लेअरसोबत. लोक पहिला दाबतात कारण पेनड्राइव्ह ओळखीचा वाटतो, मग फाइल ओढून टाकतात, त्याच कॉम्प्युटरवर ती छान दिसते आणि प्लेअरवर नो डिस्क. दुसरा दाबला तरी सुटका नाही, कारण मोबाइलवरची एमपी४ फाइल तशीच लिहिली तर ती झाली डेटा डिस्क, जुना प्लेअर ती वाजवेलच असं नाही. त्याला एमपेग-२ या प्रकारात बनवलेला व्हिडिओ लागतो, डिस्क उघडल्यावर आत व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर दिसला पाहिजे, आणि त्यासाठी ऑथरिंगचं, म्हणजे प्लेअरला समजेल अशी डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं. शेवटी फायनलाइज करायचं, म्हणजे लिहिणं पूर्ण करून डिस्क बंद करायची, ते राहिलं की आपला रायटर वाचतो आणि बाकी जग वाचत नाही. चांगल्या क्वालिटीत एका डिस्कवर साधारण तासभर बसतं, तीन तासांचं शूटिंग एकीत कोंबून चेहरे चौकटीचौकटीचे दिसायला लागले तर दोष मिक्सिंगवाल्याला देऊ नये ही नम्र विनंती.

लिहिताना मध्येच एरर येतो त्यातले कितीतरी नुसते करंटचे असतात. बाहेरचा रायटर सगळा करंट यूएसबीतून घेतो, तो हबला लावला की लेसर जोर धरतो त्याच वेळी पॉवर कमी पडते आणि डिस्क वाया. थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, सोबत दोन तोंडांची वायर असेल तर दोन्ही लावा. लिहून झाल्यावर व्हेरिफाय करा, म्हणजे सगळं बरोबर लिहिलंय का ते तपासून घ्या, पाच-दहा मिनिटं जातात पण मनाला शांतता.

आता कोर्टाचं. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तेव्हा व्हीसीडीवरचं चित्रीकरण आणि त्यासोबत लागणारं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र हाच मोठा मुद्दा होता, निकाल जुलै २०२० चा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात सीडी-डीव्हीडीचा चौकोन आहे आणि फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलवरून निघणारा आणि फाइल बदलली की बदलणारा आकडा) लिहावी लागते. म्हणजे ज्याला संपलं संपलं म्हणतात ते कायद्याच्या कागदावर अजून छापलंय. अशा कामाला लोक पुसता येणारी आरडब्ल्यू घेऊन येतात, मी त्यांना आधी वकिलांना विचारा म्हणतो आणि माझ्यापुरती एकदाच लिहिता येणारी आर देतो, समोरच्या वकिलाला शंका काढायला जागा कशाला ठेवायची.

पुढे डिस्क मिळणंही अवघड होणार आहे, सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रेचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं आणि आपल्याकडची डिस्क बनवणारी मोझर बेअर तर कधीच बुडाली. त्यामुळे स्वस्तात मिळतंय म्हणून बिननावाच्या डिस्कचा गठ्ठा उचलू नका. रायटरच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, ओळखीच्या डिस्कची यादी असते, कुठल्या डिस्कला लेसर किती आणि कसा मारायचा ते त्यात ठरलेलं असतं, अनोळखी डिस्क आली की तो अंदाजाने लिहितो.

विकणाऱ्यांना एवढंच सांगणं की बिल करण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा, लिहिलेली डिस्क चालवणार कुठे, प्लेअरवर, गाडीत, की कोर्टात. आणि आपल्या पुरवणीत यावर अर्धं पान आलं तर बरं होईल, मी कापून दुकानात लावीन, रोज रोज तोंडी सांगायचा कंटाळा आलाय.

आपला,
व्हिडिओ मिक्सिंगवाला एक वाचक, सातारा